एकतिसाव्या ओव्हरचा चौथा बॉल

२ मार्च २००१, शुक्रवार

हे जाऊन आज अकरा दिवस झाले.

ही डायरी यांच्या ऑफिसने जानेवारीत दिली होती. पहिल्या पानावर भिकाजी तांबे हे नाव, रक्तगट आणि आखातातला इथला, दार्सैतचा पत्ता एवढंच यांनी लिहिलंय. पुढे सगळं कोरं. मला लिहायची सवय नाही. पण आकांक्षाची दहावीची परीक्षा उद्या सुरू होते आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलंय. मग कुठेतरी बसून काहीतरी करायला हवं.

गावाहून परवा परत आले. चिपळूणला पाचच दिवस राहिले. दीर म्हणाले, वहिनी, पोरीची परीक्षा बुडवू नका, इथलं आम्ही बघतो. कंपनीने फ्लॅट एप्रिलअखेरपर्यंत ठेवायला दिलाय. नंतर आम्ही दोघी कायमच्या गावी.

शुक्रवार आहे म्हणून पाचलाच जाग आली. अकरा वर्षं शुक्रवारी साडेसहाला आम्ही घरातून निघायचो. हे पंच आणि मी स्कोअरर. इथल्या कंपन्यांच्या क्रिकेट टीमांची लीग आहे, तिचे सामने हे चौदा वर्षं करत होते. मी बी.एस्सी. गणित, घरी नुसती बसलेली असायची, म्हणून यांनी मला वही लिहायला शिकवलं. मैदान वादीतलं, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातलं, सगळं खडीचं. मधे सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर चटई. मी थर्मास भरायची, हे पांढरा कोट घडी करून मागच्या सीटवर ठेवायचे. आम्ही तसं फार बोलणारे नव्हतो. मैदानावर हे खूण करायचे, मी हात वर करायची. मी हात वर केल्याशिवाय हे पुढचा बॉल टाकू द्यायचे नाहीत. त्याला हे 'उत्तर' म्हणायचे.

जानेवारीपासून तेही बंद होतं.

८ मार्च, गुरुवार

घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आपल्या समाजाची पंचवीसेक माणसं आली. त्रिशरण, पंचशील झालं. दोघंतिघं यांच्याविषयी बोलले. सगळ्यांनी एकच सांगितलं, की माणूस सरळ, कधी कुणाचं मिंधं नाही, मैदानावर स्वतःच्या कंपनीच्या टीमलासुद्धा सोडायचा नाही. एकजण जिन्यात दुसऱ्याला म्हणाला, शेवटी शेवटी डोळे गेले होते बिचाऱ्याचे, त्यात त्यांचा काय दोष. माझ्या कानावर येईल असं त्याला वाटलं नसावं.

ते जानेवारीचं प्रकरण इथे लिहून ठेवते. १२ जानेवारीला सिमेंटवाले आणि टायरवाले यांचा सामना होता. (टीमना सगळे कंपनीच्या धंद्यावरूनच ओळखतात.) सिमेंटवाल्यांचे १८७ झाले, टायरवाले १८६ वर सगळे बाद. एका रनने सामना गेला. टायरवाल्यांच्या कॅप्टनने, रशीदने, तक्रार केली. त्याचं म्हणणं, सिमेंटवाल्यांच्या डावात एकदा दोन रन पळताना फलंदाजाची बॅट रेषेला टेकली नाही, पंचांनी खांद्याला बोटं लावून 'एक अपुरी' अशी खूण केली, तरी वहीत दोनच लिहिल्या गेल्या. एक कापली असती तर सामना बरोबरीत सुटला असता.

कमिटीने मला विचारलं. मी म्हटलं, खूण झाली असती तर मी लिहिली असती. अकरा वर्षांत माझी बेरीज एकदाही चुकलेली नाही. मग यांना विचारलं. हे म्हणाले, "मी खूण केली नाही. रन अपुरी होती हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी." पंचाचा निर्णय बदलत नाही, त्यामुळे निकाल कायम राहिला. कमिटीने यांना उरलेल्या सीझनसाठी विश्रांती दिली. विश्रांती हाच शब्द पत्रात होता.

त्यानंतरचे पाच शुक्रवार हे पाचलाच उठून, दाढी करून, बाल्कनीत बसायचे. मी चहा नेऊन दिला तरी माझ्याकडे बघायचे नाहीत. मी समजले, कमिटीवर राग आहे. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आज रशीदही आला होता. तो दापोलीकडचा. कंपनीच्या कागदावर स्टोअरकीपर, पण घेतलाय बॅटिंगसाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चपलांजवळच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, मी तेव्हा नको ते बोललो साहेबांना. तरी दोनदा माझ्या रूमवर आले वो. म्हणाले, तुझे सगळे कागद दे, माझ्या ऑफिसात कुठे लागतंय का बघतो." टीम खालच्या गटात गेली तर त्याची कंपनी टीमच बंद करणार आहे आणि मग त्याला ठेवण्याचं कारण उरत नाही. सकिनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, जूनमध्ये इकडे आणायचं ठरलं होतं.

यांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं. पण कोकणातला माणूस म्हटलं की हे धावायचेच. स्वभावच तसा.

१४ मार्च, बुधवार

लीगचे सेक्रेटरी सतीश यांचा सकाळी फोन. नवीन पंच नेमलेत, त्यांना यांचा कोट देता येईल का? शेवटच्या सामन्याला तोच कोट घालून ते उभे राहतील, म्हणजे यांची आठवण राहील. मी हो म्हटलं.

खाली सगळी इमारत टीव्हीला चिकटली होती. कोलकात्याची टेस्ट चाललीय, दोघंजण सकाळपासून आउटच झाले नाहीत. जिन्यात रोजची भांडणारी माणसं एकमेकांना हाका मारत होती. यांना आवडलं असतं.

कोट कपाटात नव्हता. दर शुक्रवारी संध्याकाळी मीच धुवायची. पण १२ जानेवारीनंतर यांनी तो माझ्या हाती दिलाच नव्हता, हे आज लक्षात आलं. शेवटी पलंगाखालच्या बॅगेत सापडला, न धुतलेला. खिशात बॉल मोजायच्या सहा गोट्या आणि यांची छोटी वही. पंच आपल्यापुरती वही ठेवतात, कोण केव्हा बाद झाला वगैरे. शेवटचं लिहिलेलं पान १२ जानेवारीचं.

त्यात असं आहे: "ओ. ३१, बॉ. ४. एक अपुरी. खूण दिली. उत्तर आलं."

मी बराच वेळ जमिनीवर बसून होते. आकांक्षा शाळेतून आली तेव्हा जेवण तयार नव्हतं. तिला ब्रेड दिला.

१५ मार्च, गुरुवार

एकतिसावी ओव्हर आता मला स्पष्ट आठवते आहे. तिसाव्या ओव्हरला सिमेंटवाल्यांची विकेट पडली आणि दुसरी वही लिहिणारा त्यांचाच खेळाडू पॅड बांधायला उठला. उठताना आपली वही माझ्यापुढे सरकवून गेला. असं नेहमीच होतं. दोन माणसांनी दोन वह्या लिहायच्या आणि दर ओव्हरला ताळा करायचा असा नियम आहे, पण आमच्या इथे एकाच बाईसमोर दोन्ही वह्या येतात. मागच्या ओव्हरच्या नोंदी मी त्याच्या वहीत उतरवत होते. डोळ्यांच्या कडेला यांचा हात हलला. मी मान वर न करता हात वर केला. सवयीनं. मग विचारलं, किती पळाले, आणि कुणीतरी दोन म्हणालं. मी दोन्ही वह्यांत दोन लिहिल्या.

शेवटी दोन्ही वह्यांची बेरीज जुळली. जुळणारच. हात एकच होता.

१६ मार्च, शुक्रवार

वंदनेला गेले. पाच शिलं म्हणायची असतात. चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज फुटला नाही. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, यांची आठवण आली.

१९ मार्च, सोमवार

आज महिना झाला.

हे खोटं बोलले. कमिटीसमोर, पाच माणसांच्या देखत. का, तर मला वाचवायला, एवढं मला कळतं. पण मग मला का सांगितलं नाही? मी माझ्याच घरात, याच टेबलाशी बसून, "कमिटीने तुमच्यावर अन्याय केला" असं चारदा तरी म्हटलं असेल. हे ऐकून घ्यायचे. आता वाटतं, तो राग कमिटीवर नव्हताच, माझ्यावर होता. चौदा वर्षं एक चूक नाही, आणि बायकोच्या आळसापायी डोळे गेलेला म्हातारा ठरले.

२२ मार्च, गुरुवार

नियमांचं पुस्तक काढलं. हेच मला शिकवताना वापरायचे. पंचाची चूक असेल तर निकाल बदलत नाही. स्कोअररची चूक असेल तर ती सुधारता येते, सीझनचा तक्ता सही होईपर्यंत केव्हाही. फक्त स्कोअररनं तसं लिहून द्यायला हवं.

म्हणजे हे "माझी चूक" म्हणाले नसते तर टायरवाल्यांना बरोबरीचा एक गुण मिळाला असता. हे त्यांना माहीत असणारच. नियम तोंडपाठ होते.

आता तक्ता असा आहे. टायरवाले ८, शेवटून पहिले, म्हणजे खालच्या गटात जाणारे. सिमेंटवाले ९, त्यांच्या वर. जिंकल्याचे दोन, बरोबरीचा एक. माझी चूक सुधारली तर टायरवाले ९, सिमेंटवाले ८. सिमेंटवाल्यांची कंपनी मोठी आहे, खालच्या गटात गेले तरी कुणाची नोकरी जाणार नाही. टायरवाल्यांचा एक सामना बाकी आहे, ६ एप्रिलला बँकवाल्यांशी. तो जिंकले तर ते आपोआप सुटतात.

मी लिहून दिलं तर रशीद राहील. पण यांची वही दाखवावी लागेल, आणि मग हे खोटं बोलले हे कायमचं नोंदलं जाईल. डोळे गेले होते असं म्हणतात ते बरं की खोटं बोलले म्हणतील ते बरं? दिवसभर हेच.

आकांक्षाचा गणिताचा पेपर झाला. बरा गेला म्हणाली. पप्पा असते तर प्रत्येक गणिताचं उत्तर विचारून तिला वैताग आणला असता. मी काही विचारलं नाही.

२८ मार्च, बुधवार

टॅक्सी करून अल् खुवैरला सतीशरावांच्या ऑफिसात गेले. कोट धुऊन इस्त्री करून नेला होता. यांची वही पर्समध्ये होती.

सतीशराव पुण्याचे, नीट वागणारे गृहस्थ. बसायला दिलं, चहा मागवला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कपाटातून करंडक काढला. रुवीच्या दुकानातून कालच आला होता. चांदीचा मुलामा आणि खाली इंग्रजीत यांचं नाव. दरवर्षी सगळ्यात प्रामाणिक खेळणाऱ्या टीमला द्यायचा. सतीशराव म्हणाले, "वहिनी, आम्ही त्यांना विश्रांती दिली ते मला अजून खातं. पण त्या मीटिंगमध्ये दुसरा कुणी असता तर चूक कबूल केली नसती. ते लगेच म्हणाले, माझी चूक. म्हणून प्रामाणिकपणाचा करंडक."

मी करंडक हातात घेऊन बघितला. अक्षरं चांगली कोरली होती. शेवटच्या सामन्याला स्कोअर लिहायला याल का असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं. कोट दिला आणि वही घेऊन परत आले.

१ एप्रिल, रविवार

टायरवाले जिंकले तर काहीच करावं लागणार नाही. हे मी रोज स्वतःला सांगते. माझा हा विचार यांना आवडला नसता. पण यांनी तरी दुसरं काय केलं?

६ एप्रिल, शुक्रवार

लिहायचा धीर होत नाही, पण लिहिते.

सात वाजता सामना सुरू झाला, उन्हामुळे. आधी दोन मिनिटं शांतता. दोन्ही टीम रांगेत उभ्या होत्या. नवीन पंच उंच आहेत, यांच्या कोटाच्या बाह्या त्यांना मनगटाच्या वर चार बोटं येत होत्या. मी टेबलाशीच उभी राहिले. समोरच्या खडकांवर बकऱ्या चढत होत्या, त्या मोजल्या. नऊ.

बँकवाल्यांनी २०१ केले. मग जुम्म्याच्या नमाजासाठी सुट्टी. मी घरून पोळ्या नेल्या होत्या, खाल्ल्या नाहीत. दुसरी वही लिहायला बँकवाल्यांचा एक क्लार्क होता, अहमद नावाचा. तोही आपली वही माझ्याकडे ठेवून पाणी प्यायला निघाला. मी म्हटलं, "बसा. आपापली आपण लिहायची." तो जरा चपापला. बसला.

टायरवाल्यांची सुरुवात वाईट झाली. २२ वर तीन. मग रशीद आला. तो इथे बाकीच्यांसारखा उगाच दणके मारत नाही. खडीवर बॉल कुठे अडतो ते त्याला माहीत आहे, तिथेच ढकलून दोन दोन पळतो. मी प्रत्येक वेळी आधी पंचाकडे बघत होते, मग वहीकडे. अकरा वर्षांत मी कुणाची बाजू घेतली नव्हती. आज प्रत्येक रनला मनात म्हणत होते, अजून एक. त्याच्यासाठी नाही. खरं सांगायचं तर माझ्यासाठी.

शेवटच्या ओव्हरला नऊ हवे होते, दोन विकेट शिल्लक, रशीद समोर. पहिल्या बॉलवर दोन. दुसरा त्याने उचलून मारला, आमच्याच बाजूला. वाटलं, गेला बाहेर. बँकवाल्यांचा एक जाडा माणूस, ज्याने आधी दोन कॅच सोडले होते, तो माझ्या टेबलापासून दहा पावलांवर मागे मागे येत राहिला, आणि त्याने तो छातीशी धरून ठेवला. धरल्यावर स्वतःच खाली बसला.

पुढचे दोन बॉल शेवटच्या माणसाने नुसते अडवले, तिसऱ्यावर दांडी गेली. १९५. सहा रननी हरले.

रशीद बॅट काखेत धरून माझ्या टेबलाशी आला. "माझे किती झाले, वहिनी?"

"शहात्तर."

"ऐंशी होतील असं वाटलं होतं," म्हणाला. जरा हसला आणि गाडीकडे गेला.

तक्ता उद्या संध्याकाळी सही होणार.

७ एप्रिल, शनिवार

सकाळी नऊला सतीशरावांच्या ऑफिसात. वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. दार लावून घेतलं. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही घरी जा. ही वही मी पाहिलीच नाही असं समजा."

"पाहिलीत तुम्ही."

"वहिनी, ऐका माझं. महिना अखेरीला तुम्ही जाणार. लोक भिकाजीरावांचं नाव काढतायत, काढू द्या. हे पुढे आलं तर त्यांनी कमिटीला खोटं सांगितलं असं मला मिनिट्समध्ये लिहावं लागेल. भिकाजीराव खोटं बोलले, असं लिहू मी?"

मी म्हटलं, "बोलले ते."

त्यांनी वही परत स्वतःकडे ओढली. मग, करंडक देता येणार नाही, असं हळूच म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांनी कोरा कागद दिला. मी उभ्यानेच लिहिलं: '१२ जानेवारीच्या सामन्यात ३१ व्या ओव्हरच्या चौथ्या बॉलवर पंचांनी एक रन अपुरी असल्याची खूण केली होती. मी न बघता हात वर केला आणि दोन रन लिहिल्या. चूक माझी आहे. गिरिजा भिकाजी तांबे.' तारीख घातली. वहीतलं ते पान त्यांनी झेरॉक्स केलं.

येताना टॅक्सीवाल्याने रस्ता विचारला, तर मला दार्सैतचं नावच आठवेना.

९ एप्रिल, सोमवार

सतीशरावांचा फोन आला. तक्ता बदलला. टायरवाले ९, राहिले. सिमेंटवाले ८, खाली गेले. कमिटीत बरंच बोलणं झालं म्हणाले, काय झालं ते सांगितलं नाही.

११ एप्रिल, बुधवार

आकांक्षाला मैत्रिणीकडून कळलं. मी सांगणार होते, परीक्षा संपली की सांगू म्हणत राहिले. परीक्षा संपून दोन आठवडे होत आले. ती चपला न काढता माझ्यासमोर उभी राहिली. तिला मराठीत शब्द सापडत नव्हते.

"तू पप्पांचं... तू लिहून दिलंस की पप्पा खोटं बोलले?"

मी हो म्हटलं.

"ही डिड इट फॉर यू, मम्मी."

मला माहीत आहे, असं म्हटलं. मग तिला नियम समजावून सांगायला लागले, स्कोअररची चूक आणि पंचाची चूक यातला फरक. ती मधेच खोलीत निघून गेली.

१५ एप्रिल, रविवार

परवा वंदनेला गेले तर नेहमी शेजारी बसणाऱ्या बाई दोन रांगा पुढे बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची कंपनी सिमेंटची. काल बाबासाहेबांची जयंती होती, हॉलवर कार्यक्रम झाला. यांच्यावर दोन शब्द बोलायचं ठरलं होतं. कुणी बोललं नाही. आकांक्षा माझ्याबरोबर आली नव्हती.

घरी खोकी भरणं चालू आहे. यांचे शर्ट कुणाला द्यायचे ते ठरत नाही.

२० एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी रशीद आला. बसायला सांगितलं तर नको म्हणाला, मग बसला. आकांक्षाने पाणी आणून ठेवलं आणि आतल्या दारापाशीच उभी राहिली. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती मी असलेल्या खोलीत थांबली.

कंपनीने त्याला ठेवलंय, सकिनाचे कागदही दिलेत. हे त्याने मान खाली घालून, जणू त्याचाच काही गुन्हा असावा तसं सांगितलं. आभार वगैरे मानले नाहीत ते बरं झालं. मग थांबून म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. कार्यक्रमाच्या दिवशी सांगणार होतो, पन माणसं होती. साहेब गेले ना, त्याच्या आधीच्या शुक्रवारी मैदानावर आलेले."

मी म्हटलं, शक्य नाही. त्या शुक्रवारी हे मासे आणायला म्हणून मत्रहला गेले होते, आणि मासे मिळाले नाहीत म्हणून रिकामे परत आले होते.

"नाय वो. बाहेरच गाडीत बसलेले. आमची मॅच सुरू व्हायची होती. मला हात करून बोलावलं. काच खाली केली आणि म्हणाले, रशीद, त्या मॅचचं तुला एक सांगायचंय."

आकांक्षा दारापासून पुढे आली.

"मला वाटलं, परत नोकरीचंच काढतायत. आणि राग पन होता माझ्या मनात, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, साहेब, झालं ते झालं, मला टॉसला उशीर होतोय."

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

"काय नाय, वहिनी. काच वर केली."